खिडकीतलं पोतं

छोटी, रागावू नकोस, पण परवा तुझ्याकडून निघाल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. मामाजींना टीबी निघाला म्हणून सपरीतल्या कोनाड्यात त्यांचं ताट, वाटी, गडवा तू वेगळा मांडला आहेस. घासायची राखसुद्धा वेगळी. आणि ते ज्या खोलीत झोपतात तिच्या एकुलत्या एक खिडकीत धानाचं पोतं कोंबलं आहेस, कारण तळ्यावरचं वारं झोंबतं. झोंबतंच. बोदलकशाची थंडी मला का ठाऊक नाही? पाण्यावर बदकं उतरली, नागझिऱ्याहून परतणारे कॅमेरेवाले इकडे थांबायला लागले, की रात्री सगळ्यांनाच दार लावून गोधडीत शिरावंसं वाटतं. पण त्याच खोलीत कोपऱ्यात तुझा लहाना आजोबांना बिलगून झोपला होता, आणि ते पाहून माझ्या पोटात खड्डा पडला.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. तुझ्या जिजाजींनाही टीबी झाला होता. माहेरी कळू दिलं नाही, 'निमोनिया झालाय' असं आईला सांगितलं. आधी दोन महिने एका डॉक्टरकडचं खोकल्याचं औषध चाललं. बाटलीवर बाटली. बेडका तपासा असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासायचा, एवढं साधं मला तेव्हा माहीत असतं तर! निदान झाल्यावर मी काय केलं? तुझ्यासारखंच. ताट वेगळं काढलं. उकळतं पाणी ओतून धूत होते. ते मान खाली घालून जेवायचे आणि मला वाटायचं, मी पोरीला जपते आहे. पोरीला मात्र रात्री त्यांच्याच बाजेशेजारी, बंद दारात निजवत होते. दीड महिन्याने तिच्या मानेला गाठ आली. ती तीन वर्षांची होती तेव्हा.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी ताटाबद्दल एक शब्द विचारला नाही. 'एका खोलीत किती जण झोपता? खिडकी आहे का?' एवढंच विचारलं. मग त्यांनी समजावलं ते असं. खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलताना जंतू बारीक थेंबांवर बसून बाहेर पडतात. मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक तसेच हवेत तरंगत राहतात, बंद खोलीत तासन्‌तास. कुणी ती हवा ओढली की गेले छातीत. ताटातून, गडव्यातून, कपड्यांतून, हात धरल्याने टीबी होत नाही. खेळती हवा जंतूंना पांगवते आणि ऊन त्यांना मारतं. म्हणजे तुझं पोतं चुकलं, छोटी.

मामाजींची बाज सपरीत टाक. दिवसा तर नक्कीच, उन्हात. रात्री थंडीने जमत नसेल तर त्यांना दोन गोधड्या जास्त दे, स्वेटर घाल, पण खिडकी उघडी राहू दे. लहान्याला काही आठवडे तुझ्याजवळ दुसऱ्या खोलीत घे. तो रडेल. रडू दे. खोकताना त्यांनी तोंडावर दुपट्टा धरायचा, घरात बसले असतील तर बांधूनच ठेवायचा. बेडका झाकणाच्या डब्यात थुंकायचा आणि मग जाळून नाहीतर पुरून टाकायचा, अंगणात नाही. तपासणीसाठी सकाळचा बेडका काढायचा तोही उघड्यावर, खोलीत नाही. चुलीचा धूर नि विडी, दोन्ही त्यांच्या छातीचे वैरी. आपल्या गोंदियाच्या विड्यांनी कितीतरी घरं जगवली, ते मान्य, पण त्यांच्या खिशातलं बंडल तू उचल. मोहाच्या दारूचं तर नावच नको. या गोळ्यांचा भार यकृतावर पडतो, त्यात दारू म्हणजे कावीळ ओढवून घेणं.

औषध बरोबर चाललं तर साधारण दोन आठवड्यांत लागण पसरवण्याची ताकद पुष्कळ कमी होते. पण गोळ्या सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, ते एका औषधाचं काम. डोळ्यांनी अंधुक दिसायला लागलं किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिसऱ्या महिन्यापर्यंत खोकला थांबतो, भूक लागते, आणि माणूस म्हणतो आता कशाला गोळ्या. तुझे जिजाजी तेच म्हणाले. तेंदूपानाचा हंगाम आला होता, फडीवर पैसे मिळत होते. महिनाभर गोळ्या सुटल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आणि तुम्ही सगळ्यांनी तपासून घ्यायचं. तू, दादा, सासूबाई, लहाना. निदान होण्याआधी किती महिने मामाजी घरात खोकत होते? तेवढे दिवस तुम्ही तीच हवा घेतलीत. पण धसका घेऊ नकोस. जंतू आत गेलेल्या शंभरातल्या पाच-दहांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. पाच वर्षांखालच्या लेकरांना धोका जास्त, म्हणून लहान्याचं आधी. बीसीजी टोचली म्हणून तो सुटला असं नाही. ती लस मेंदूच्या वगैरे भयंकर टीबीपासून वाचवते, सगळ्यापासून नाही. तपासणीत आजार नाही असं ठरलं की वजन बघून प्रतिबंधाच्या गोळ्या देतात. 'धडधाकट लेकराला गोळ्या कशाला' असं सासूबाई म्हणतील. मीही म्हटलं असतं, पोरीच्या मानेची ती गाठ पाहिली नसती तर.

मामाजींना घरातून काढायचं, लांब कुठेतरी ठेवायचं, असं जाऊबाई म्हणाली ना? तिला मद्रासची गोष्ट सांग. 1956 मध्ये तिथे काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवलं आणि काहींना घरीच, तेही गरीब, दाटीच्या घरांत, पण दोघांना औषधं सारखीच. घरचे तितकेच बरे झाले, आणि पुढची काही वर्षं बघितलं तर त्यांच्या घरच्यांत टीबी जास्त झाला नाही. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले की घर फारसं धोक्याचं राहत नाही. मुख्य धोका असतो तो औषधाआधीच्या महिन्यांत.

खाण्याचंही बघ. झारखंडात 2019 ते 2022 मध्ये रोग्यांच्या घरच्यांना तांदूळ-डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर त्या घरांत नव्याने टीबी होणं जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलं. म्हणून एकट्या मामाजींच्या ताटात अंडं वाढून भागत नाही. नुसता भात नि पाणीदार वरण नको. सांदवाडीतले वाल, तळ्यातली मासळी, अंडी, शेंगदाणे, सगळ्यांसाठी. नोव्हेंबर 2024 पासून रोग्याला महिन्याला एक हजार रुपयांच्या हिशेबाने पैसे थेट खात्यात येतात. मामाजींचं पासबुक आणि आधार आशाताईकडे दिलंस का? नसेल तर उद्याच दे. ती गावभर सांगेल अशी तुला भीती, पण तिला सांगितल्याशिवाय गोळ्या, पैसे, लहान्याची तपासणी, काहीच पुढे सरकायचं नाही. माझ्या लपवण्याने माझी पोर सहा महिने गोळ्या गिळत बसली, तेवढं पुरे.

शनिवारी मी येते. येताना अंडी आणि शेंगदाणे आणते. ते ताट तोवर बाकीच्या ताटांत मिसळून टाक, मामाजी काही बोलले नाहीत तरी त्यांनी ते बघितलेलं असतं. आणि खिडकीतलं पोतं मला दे. आमच्याकडचं अर्धं धान अजून खळ्यावरच पडलं आहे, भरायला पोती कमी पडताहेत.