गाडी का थरथरते?

मुलांनो, समजा तुम्ही रोह्यात राहता. तुमच्या मामूंकडे जुनी मारुती 800 आहे. उद्या सकाळी नानींना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पेणला न्यायचे आहे. गाडी सुरू होते, रस्त्यावर धावतेही. पण उभी केली, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की सगळी थरथरू लागते. आरसा हलतो, दरवाजे खडखडतात आणि मधेच इंजीन बंद पडते. गॅरेजवाले म्हणतात, "गाडी स्लोला धरत नाही."

रस्ता तुम्हांला ठाऊक आहे. भिसे खिंडीचा चढ, मग नागोठणे, पुढे वडखळ नाक्यावर वाहनांची रांग. रांगेत दर दोन मिनिटांनी गाडी बंद पडली तर नानींचे काय हाल होतील? म्हणून आजच दोष शोधायचा.

आधी इंजीन कसे चालते ते समजून घेऊ. या गाडीला तीन सिलिंडर असतात. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जाते व प्लगच्या ठिणगीने ते पेटते. 1 किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 15 किलो हवा लागते. उभ्या गाडीचे इंजीन मिनिटाला 900 फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ठिणगी पडते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये 450 आणि तिन्हींत मिळून 1350 ठिणग्या, एका मिनिटात! वेगात असताना एखादा सिलिंडर कमी चालला तरी लवकर कळत नाही. गाडी उभी असताना मात्र इंजिनात जोर थोडाच असतो. तिघांपैकी एक भाऊ कामाला आला नाही, तर उरलेल्या दोघांची ओढाताण होते. तीच ही थरथर.

पुष्कळ लोक येथे एक चूक करतात. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून इंजिनाचा वेग वाढवतात. थरथर कमी होते, पण दोष तसाच राहतो आणि पेट्रोल फुकट जळते. ताप उतरला नाही म्हणून थर्मामीटर फेकून देण्यासारखेच हे आहे.

मग काय करावे? प्रथम कान द्यावा. गाडी मोकळ्या अंगणात उभी करा. बंद शेडमध्ये इंजीन चालू ठेवू नका, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू विषारी असतो आणि त्याला वासही नसतो. आता ऐका. आवाज एकदा वर, एकदा खाली जात असेल, तर बहुधा हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडले आहे. एखादी रबरी नळी चिरली असेल व तेथून जादा हवा आत ओढली जात असेल. अशा वेळी "सूस्स" असा आवाज येतो. नळी बोटांनी दाबून धरली की इंजिनाची चाल बदलते. पण आपल्या गाडीत तसे नाही. येथे ठेका ठरलेला आहे : दोन ठोके, मग खळ्ळ, दोन ठोके, मग खळ्ळ. म्हणजे एकच सिलिंडर चुकतो. याला मिस्त्री "मिसिंग मारते" असे म्हणतात.

(मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. "दुरुस्त" फारसीतून आला. "हवा" तर तुमच्या ओळखीचाच आहे. गॅरेजात मराठी आणि उर्दू रोज एकमेकींना भेटतात.)

कोणता सिलिंडर? इंजीन बंद करून मामू एका प्लगची वायर काढतात, तिच्यात एक जादा प्लग बसवतात व तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवतात. मग थोडाच वेळ इंजीन चालू करतात. चालू इंजिनाच्या वायरीला हात लावायचा नाही. हजारो व्होल्टचा झटका बसतो. पहिली वायर काढली, थरथर वाढली. तिसरी काढली, पुन्हा वाढली. दुसरी काढली, तर काहीच फरक नाही! जो काम करतच नव्हता, त्याला सुट्टी दिल्याने काय बिघडणार? चोर सापडला.

आता दुसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर तब्येत चांगली. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त झाले. हा प्लग पेट्रोलने ओला आहे, म्हणजे पेट्रोल येते पण पेटत नाही. मामू तो पुसून पहिल्या सिलिंडरला लावतात आणि पहिल्याचा दुसऱ्याला. तरीही दुसराच सिलिंडर गप्प! तेव्हा प्लग निर्दोष.

अंधार पडल्यावर मामू अंगणातला दिवा मालवून इंजीन चालू करतात आणि हात मागे ठेवून बॉनेटखाली पाहतात. दुसऱ्या वायरीच्या रबरी टोपीपासून इंजिनाच्या लोखंडावर बारीक निळी ठिणगी उडत होती. टोपीला चीर पडली होती. कोकणातल्या पावसाळ्याची ओल त्या चिरेत शिरली होती. करंट प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत पळत होता.

दुकान बंद होण्याआधी वायरींचा नवा संच आणला. इंजीन सुरू केले तेव्हा नानी खिडकीतून म्हणाल्या, "बंद केलीस का रे?" गाडी चालूच होती.

आजच्या गाड्यांत कार्बोरेटर नसतो. पेट्रोल किती सोडायचे हे छोटा संगणक ठरवतो. मिस्त्री गाडीला स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर पी 0302 असा क्रमांक येतो. त्याचा अर्थ, दुसरा सिलिंडर मिसिंग मारतो. पण प्लग खराब, कॉइल खराब की पेट्रोल कमी, हे तो क्रमांक सांगत नाही. मग मिस्त्री दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्याला लावतो, पहिल्याची दुसऱ्याला लावतो आणि दोष जागा बदलतो का ते पाहतो.

स्वाध्याय
1. स्क्रू फिरवून वेग वाढवणे ही चूक का आहे?
2. प्लग निर्दोष आहे हे मामूंनी कसे ओळखले?
3. तुमच्या घरातील एखादी वस्तू बिघडली तेव्हा दोष कसा शोधला, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.