दयेचे ऋण

केदारखेडा हे जालना जिल्ह्यातील एक गाव. तेथे किंवा मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात वृद्ध माणसांपाशी १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट काढावी. विहिरी आटल्या, गुरे दावणीला उपाशी राहिली, धडधाकट माणसे खडी फोडावयास गेली, मिलो ज्वारीच्या भाकरीवर घरांनी दिवस काढले, असे ती सांगतील. ज्याने एकदा भूक सोसली, त्यास दुसऱ्याची भूक लवकर कळते. परंतु कळणे वेगळे आणि त्यासाठी झिजणे वेगळे. पंडिता रमाबाई अशा झिजल्या, त्याची ही कथा.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, असा त्या काळचा दंडक. परंतु शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीस ती भाषा शिकविली आणि त्या माउलीने ती आपल्या कन्येस दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव फिरे.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोणी येईना. प्रथम दागिने विकले, मग भांडी विकली. विद्वत्तेच्या अभिमानामुळे मोलमजुरी करणे या कुटुंबास शक्य झाले नाही, आणि हाताचे कोणतेही काम मुलांना शिकविलेले नव्हते. शेवटी रानातला पाला आणि पाणी यांवर दिवस कंठावे लागले. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. ती दोघे अनवाणी हिंडत राहिली. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि तीच वाळू अंगावर ओढून घेतली.

पुढे १८७८ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला आणि ‘पंडिता’ ही पदवी त्यांना मिळाली. परंतु पाठोपाठ भाऊ व पती दोघेही निवर्तले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. जगाने ज्यांना दूर लोटले होते अशा स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी तेथे मायेने सांभाळीत होत्या. ते पाहून त्यांचे मन हेलावले, आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक दृष्टांत बायबलात आहे. एका राजाच्या सेवकावर फेडता न येण्याजोगे कर्ज होते. त्याने गयावया केली, तेव्हा राजाने ते सर्व माफ केले. हाच सेवक बाहेर पडताच, आपले थोडेसे देणे असलेल्या सोबत्याची मानगूट धरून त्याला तुरुंगात घालू लागला! राजा संतापला, यात नवल काय? ईश्वराची दया ज्याला लाभली, त्याने ती इतरांवर करावी, हीच त्या दयेबद्दलची खरी कृतज्ञता होय, असा या कथेचा भाव आहे.

रमाबाईंच्या आयुष्यात या शिकवणुकीची कसोटी १८९६ साली लागली. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे त्यांनी ऐकले. त्या वेळी त्या पुण्यात ‘शारदा सदन’ चालवीत होत्या. धर्मांतरामुळे अनेक लोक त्यांच्यावर रुष्ट होते. पैसा बेताचा होता, जागाही अपुरी होती. परंतु रानातल्या त्या उपाशी दिवसांची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. अशा सुमारे तीनशे मुली त्यांनी वाचविल्या. त्यांची शरीरे हाडांचे सापळे झाली होती. त्यांना न्हाऊमाखू घालणे, अन्न बेताबेताने देऊन जगविणे, हे काम रात्रंदिवस चालले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे या मुलींना केडगाव येथील शेतावर हलवावे लागले. तेथेच ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलीही आल्या आणि आश्रितांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी काढलेल्या घराचे नावच ‘कृपा सदन’ होते. अंध मुलींना त्यांच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. शेती, विणकाम, शिवण, छपाई अशी कामे मुली शिकत. आपल्या घरास कोणतेही काम येत नव्हते, म्हणून काय भोगावे लागले, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. दया म्हणजे केवळ घास देणे नव्हे. तो घास पुढे स्वतः मिळविण्याचे बळ देणे होय.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे त्यांचे कार्य आजही चालू आहे. आपल्याला मिळालेल्या दयेचे ऋण देणाऱ्याला परत करता येत नाही. ते गरजवंताच्या हाती द्यावे लागते. ते फेडण्यास फार मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही. शेजारी बसणारा सोबती उपाशी आला आहे, हे ज्याच्या ध्यानी येते आणि जो आपली भाकर अर्धी करतो, त्याने ते फेडण्यास आरंभ केलाच आहे.

अभ्यास

१. दुष्काळात रमाबाईंच्या कुटुंबास मोलमजुरी का करता आली नाही?
२. राजा आपल्या सेवकावर का संतापला?
३. १८९६ साली रमाबाईंपुढे कोणत्या अडचणी होत्या? तरीही त्या मध्य प्रांतात का गेल्या?
४. मुक्ती सदनातील मुलींना हाताची कामे का शिकविली जात?
५. तुमच्या गावातील वडीलधाऱ्या माणसांस दुष्काळाच्या आठवणी विचारा व त्या दहा ओळींत लिहा.