पडलेले पोते : उचलावे कसे, ठेवावे कुठे?



लागण, खत, पाणी, तोडणी या विषयांवर आपण या पत्रकात नेहमीच वाचता. ऊस काट्यावर वजन होऊन गव्हाणीत पडला की आपले काम संपले, पुढचे कारखाना बघेल, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. परंतु आपण नुसते ऊस घालणारे नाही, कारखान्याचे भागधारक आहोत. म्हणून या वेळचा पाठ शेतातला नाही. तो गव्हाणीच्या अगदी दुसऱ्या टोकाचा, साखर भरणीचा आणि गोदामाचा आहे.

प्रश्न साधा आहे. भरून, शिवून तयार झालेले साखरेचे पोते पट्ट्यावरून, थप्पीवरून किंवा हमालाच्या पाठीवरून खाली पडले, तर काय करायचे? बहुतेकजण म्हणतील, "फुटलं नाही ना? मग उचला आणि ठेवा वर." हे उत्तर अर्धे बरोबर आहे. राहिलेले अर्धे आज समजून घेऊ.

एका पोत्यात काय असते?

पूर्वी पोते १०० किलोचे असे, आता ५० किलोचे असते. साखर उतारा १० टक्के धरला तर ५० किलो साखरेसाठी ५०० किलो, म्हणजे अर्धा टन ऊस लागतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये ठरविला. त्या हिशेबानेही एक पोते १,५५० रुपयांचे होते. तेव्हा पडलेले प्रत्येक पोते बाद करा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण अर्धा टन उसाची किंमत वाचवताना सगळ्या गाडीचा माल गिऱ्हाइकाने परत पाठवावा, हाही शहाणपणा नव्हे.

तोंड बंद आहे, मग भीती कशाची?

"झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण साखरेच्या पोत्याला लागू पडत नाही. कारणे तीन आहेत.

पहिले कारण बाहेरच्या अंगाचे. गोदामाच्या जमिनीवर यार्डातली माती, बूट-चपलांची घाण, गाडीच्या चाकाचा चिखल आणि ग्रीसचे डाग येतात. सांडलेली साखर दमट हवेत चिकट होते आणि तिच्यावर सगळे बसते. पोते जमिनीला टेकले की ही घाण त्याच्या अंगाला लागते. तेच पोते पुन्हा पट्ट्यावर ठेवले की घाण पट्ट्याला, पट्ट्यावरून पुढच्या पोत्यांना आणि कामगाराच्या हातांना लागते. तोच हात पुढे रिकाम्या पोत्याचे तोंड उघडून भरणीच्या नळीखाली धरतो. अशा रीतीने पोते बंद असूनही घाण उघड्या साखरेपर्यंत पोचते.

दुसरे कारण आतले. पोत्याच्या आत पॉलिथीनची पिशवी असेल, तर बाहेरचे पोते शाबूत राहूनही आतली पिशवी फाटू शकते. शिवणीचा एखादा टाका सुटलेला वरून दिसत नाही. हमालाच्या हुकाचे भोक तर बारीकच असते. नुसते तागाचे पोते असेल तर धूळ आणि ओल त्यातून सरळ आत शिरते.

तिसरे कारण ओलाव्याचे. कोरड्या साखरेत जंतू सहसा वाढत नाहीत, कारण त्यांना लागणारे पाणी तिच्यात नसते. पण ओल लागली की दाण्यांवर पाकाचा पातळ थर चढतो, त्यात बुरशी व यीस्ट वाढू शकते, साखर पिवळी पडते आणि तिचे ढेकूळ होते. शिवाय साखर ही धुऊन-निवडून खायची वस्तू नव्हे. ती सरबतात, श्रीखंडात, औषधात जशीच्या तशी जाते.

पोते पडल्यावर करायची कामे

१. पोते उचला, पण पट्ट्यावर किंवा थप्पीवर लगेच ठेवू नका. यासाठी वेगळी फळी राखून तिच्यावर लाल खूण करावी. पडलेले पोते आधी तेथे जाईल.

२. कुठे पडले ते बघा. कोरड्या, झाडलेल्या फरशीवर पडणे वेगळे आणि गटाराजवळ, तेलावर किंवा ओल्यात पडणे वेगळे.

३. पोते चारी बाजूंनी फिरवून तपासा. शिवण, कोपरे, तळ आणि हुकाची जागा पाहा. दाणे गळतात का, कुठे ओल लागते का, हे हाताने चाचपून बघा.

४. सगळे ठीक असेल तर कोरड्या, स्वच्छ ब्रशाने अंग झाडा. ओले फडके फिरवू नका, त्याने उलट ओल लागते. दाबाच्या हवेचा झोतही मारू नका. साखरेची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर तिचा स्फोट होतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथे ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखर कारखान्यात अशा धुळीच्या स्फोटाने १४ कामगार प्राणास मुकले.

५. वजन करा. वजन भरले तरच पोते थप्पीला जाईल.

६. पोत्याचा क्रमांक, वेळ, जागा आणि निर्णय वहीत लिहा.

७. उचलणाऱ्याने हात धुऊन, कोरडे करूनच भरणीच्या कामाला परत लागावे. हातमोजे असतील तर बदलावेत.

एक किलो, पाच किलोच्या पुड्यांनाही हाच नियम लागू आहे. फक्त पुडीचा जोड फार नाजूक असतो, म्हणून ती हलकेच दाबून हवा सुटते का ते पाहावे. शंका आली तर पुडी बाजूला काढावी.

फुटलेच तर?

फुटलेल्या पोत्यातील साखर दुसऱ्या पोत्यात भरून पुन्हा शिवायची नाही, हा नियम पक्का समजावा. "वरची वरची चांगली आहे की" हे म्हणणे ऐकू नये. ती साखर वितळवून, गाळून पुन्हा पॅनमध्ये घेता येते. यात वाफ खर्च होते आणि थोडी साखर मळीत जाते, तरी बराचसा माल वाचतो. मात्र तेल, रसायन किंवा गटाराचे पाणी लागलेली साखर प्रक्रियेतही परत घ्यायची नाही. ती वेगळी ठेवून चीफ केमिस्टच्या सांगण्याप्रमाणे तिची विल्हेवाट लावावी.

पडणे हा गुन्हा नव्हे

हे सगळे नियम एका गोष्टीवर अवलंबून आहेत. पोते पडले, हे कोणीतरी सांगितले पाहिजे. ज्या ठिकाणी पोते पडले की हमालाची मजुरी कापतात, त्या ठिकाणी पोती पडत नाहीत असे नाही. ती गुपचूप थप्पीत जातात. मग चार महिन्यांनी थप्पी मोडताना मधल्या थरात मुंग्या आणि ढेकळे सापडतात, आणि चूक कोणाची हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून सांगणाऱ्याला दंड नसावा, लपवणाऱ्याला मात्र जाब विचारावा. वहीत एकाच जागेच्या नोंदी वारंवार दिसू लागल्या, तर दोष माणसाचा नसून पट्ट्याच्या वळणाचा किंवा थप्पीच्या उंचीचा आहे, हेही त्यातूनच उमगते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे साखर हे अन्न आहे आणि ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कारखान्याची आहे. सहकारी संस्थेत कारखाना म्हणजे आपणच. वार्षिक सभेत आपण उसाच्या दराचा प्रश्न विचारतो, तसाच "पडलेल्या पोत्यांची वही ठेवता का?" हाही प्रश्न अवश्य विचारावा.

घरच्या पोत्याविषयी

सभासदांची साखर घरी नेताना ट्रॉलीत शेणखत, युरिया किंवा औषधाचे डबे असतील तर पोते त्यांच्याजवळ ठेवू नका. हूक लावू नका. घरी पोते जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. तोंड उघडण्याआधी बाहेरून झाडून घ्या, म्हणजे शिवण उसवताना धूळ साखरेत पडणार नाही.

उजळणी

१. बंद पोत्याच्या बाहेरची घाण उघड्या साखरेपर्यंत कशी पोचते?
२. पोते ओल्या फडक्याने का पुसू नये?
३. फुटलेल्या पोत्यातील कोणती साखर वितळवून घेता येते, आणि कोणती नाही?

उत्तरे वरच्या पाठात आहेत. घरातल्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे सर्वांचीच उजळणी होईल.