खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीसाठी माशांची निवड व निगा

प्रवाळखडकांच्या आसऱ्याने राहणारे रंगीत मासे काचेच्या पेटीत पाळण्याची हौस आता कोकण किनाऱ्यावरील पर्यटक-निवासांपर्यंत व शाळांपर्यंत येऊन पोहोचली आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे याविषयी विचारणा होत असल्याने प्रस्तुत लेखात आवश्यक ती माहिती दिली आहे. गोड्या पाण्यातील गप्पी किंवा गोल्डफिश पाळण्याचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. समुद्रातील रंगीत मासा महाग असतो व बहुतेक जाती अद्याप समुद्रातूनच धरून आणल्या जातात. त्यामुळे पेटीत मेलेला प्रत्येक मासा हा मालकाचा तोटा असतो, तसाच तो त्या प्रवाळखडकाचाही तोटा होय. मासे मरण्याच्या मुळाशी पुष्कळदा दोनच गोष्टी असतात : पाणी तयार होण्यापूर्वीच मासे सोडणे, आणि मासा काय खातो हे न पाहता केवळ रंगावर भाळून तो निवडणे.

पेटी व पाणी

प्रथमच पेटी ठेवणाऱ्याने ती २०० लिटरपेक्षा लहान घेऊ नये. लहान पेटी स्वस्त पडते खरी, परंतु थोड्या पाण्यात उष्णता व क्षारता झपाट्याने बदलतात आणि समुद्रातील माशास असे बदल सोसत नाहीत. १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच पेटी योग्य होय. भरल्यावर तिचे वजन अडीचशे किलोच्या वर जाते, हे ध्यानात घेऊन बैठक भक्कम व समपातळीत करावी.

किनाऱ्यावरून पाणी आणण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी पाण्याचा खारेपणा पुष्कळ उतरतो, आणि वस्तीजवळच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार असतात. मत्स्यपेटीसाठी मिळणारे तयार क्षारमिश्रण शुद्ध पाण्यात दर लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे. २०० लिटरला ते सुमारे ७ किलो लागते. पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असावा.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. आपल्याकडे पाणी तांब्या-पितळेच्या हंड्यात साठविण्याची रीत आहे. माणसास हे पाणी चालते, परंतु तांब्याचा अल्प अंशही प्रवाळ, शंख व कोळंबी यांना घातक असतो. म्हणून भांडी व तोट्या प्लॅस्टिकच्याच असाव्यात.

यानंतरचा भाग शेतकऱ्यास समजावून सांगणे सोपे आहे. जमिनीत घातलेल्या युरियापासून अमोनिया होतो, एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट करतात. पेटीतही हेच घडते. फक्त युरियाच्या जागी माशांचे उत्सर्जन व उरलेले अन्न असते. नव्या पेटीत हे जीवाणू नसल्याने अमोनिया साचतो व मासे मरतात. म्हणून पेटी भरल्यावर गाळणयंत्र चालू करून कोळंबीचा लहानसा तुकडा पाण्यात कुजू द्यावा व चार ते सहा आठवडे वाट पाहावी. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्याखेरीज एकही मासा सोडू नये. शेतात नायट्रेट पीक उचलून घेते. पेटीत पीक नसल्याने ते साचत जाते, यास्तव दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे लागते.

जीवाणूंना वस्तीसाठी सच्छिद्र पृष्ठभाग लागतो. परदेशी पुस्तकांत यासाठी प्रवाळखडकाचे जिवंत दगड सुचविलेले असतात, परंतु आपल्या देशात तसे करता येणार नाही. खडक बांधणाऱ्या सर्व दगडी प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली संरक्षण मिळाले आहे. मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला मृत तुकडाही उचलू नये. भाजलेल्या मातीचे बिनझिलईचे तुकडे, मंगळुरी कौलांचे सुद्धा, रचून उत्तम कपारी तयार होतात.

माशांची निवड

सुरुवातीस क्लाउनफिश म्हणजेच विदूषक माशासारखा दुसरा मासा नाही. २००३ सालच्या एका चित्रपटामुळे हा नारिंगी-पांढरा मासा मुलांच्या ओळखीचा झाला आहे, तथापि त्याची शिफारस करण्याचे कारण वेगळे आहे. त्याची पैदास बंदिस्त पाण्यात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम व विळिंजम येथील शास्त्रज्ञांनी त्याचे तंत्र आपल्याकडे बसविले आहे. टाकीत जन्मलेला मासा पहिल्या दिवसापासून हाताने घातलेले अन्न घेतो. निसर्गात तो समुद्रफुलाच्या आश्रयाने राहत असला, तरी पेटीत समुद्रफुलाची गरज नसते. नर-मादी ओळखण्याची खटपटही करू नये : हे सर्व मासे प्रथम नर असतात व जोडीतील मोठा पुढे मादी बनतो. लहानमोठी दोन पिल्ले घेतली म्हणजे जोडी आपोआप जमते.

बँगाई कार्डिनल हा काळ्या पट्ट्यांचा रुपेरी मासाही शांत व काटक आहे. तो मूळचा इंडोनेशियातील बँगाई बेटांचा असून अतिपकडीमुळे तेथे धोक्यात आला आहे, म्हणून पैदाशीतलाच मागावा. निळा डॅमसेल स्वस्त व चिवट असतो, मात्र भांडखोर. घ्यावयाचाच असल्यास एकच घ्यावा व सर्वांत शेवटी सोडावा. २०० लिटरमध्ये एकूण चार-पाच लहान मासे पुरेत.

आता टाळावयाच्या जाती. फुलपाखरू मासा दिसण्यात अप्रतिम, परंतु त्याच्या अनेक जाती जिवंत प्रवाळांच्या पॉलिपांवरच जगतात. मँडरीन मासा दगडांवरील सूक्ष्म जिवंत कवचधारी जीव टिपून खातो. असे मासे दुकानात सुदृढ दिसतात आणि घरी आणल्यावर अन्नाकडे पाहतही नाहीत. काही आठवड्यांत, समोर अन्न असूनही, उपासमारीने मरतात. निळा टँग पिल्लू असताना चार बोटांएवढा असतो, पण पुढे सुमारे ३० सेंटिमीटर वाढतो. आखूड पेटीत त्याला ठेवणे म्हणजे बैल कोंबड्यांच्या खुराड्यात बांधण्यासारखे होय.

खरेदी व निगा

विक्रेत्यास आपल्यासमोर मासा खाऊ घालण्यास सांगावे. न खाणारा मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून धरण्याचा प्रकार सुरू झाला. अशा माशाचे आतील अवयव दुखावलेले असतात व बाहेरून काहीच दिसत नाही.

नवा मासा चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा. नव्या जनावरास गोठ्यात घेण्यापूर्वी आपण वेगळे बांधतो, तसेच हे आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा परोपजीवी मासा सोडून तळाशी कोष करतो व त्यातून शेकडो पिले बाहेर पडतात. त्यावर ताम्रयुक्त औषध चालते, परंतु ते या वेगळ्या टाकीतच वापरावे.

अन्न म्हणून बारीक चिरलेली ताजी कोळंबी किंवा तिसऱ्यांचे मांस दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. पाण्याची उष्णता २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत पृष्ठभागावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पेटीत प्रवाळ असल्यास मात्र शीतक यंत्राखेरीज भागत नाही. वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी साधे शुद्ध पाणीच घालावे, कारण क्षार मागेच राहतात. त्यासाठी काचेवर पातळीची खूण करून ठेवावी.

कोकणात पावसाळ्यात वीज दीर्घकाळ जाते. प्रवाह थांबला की प्राणवायू कमी पडतो, यासाठी बॅटरीवर चालणारा हवापंप घरात तयार असावा. वीज येईपर्यंत अन्न घालू नये. जेथे हीदेखील तजवीज होण्यासारखी नसेल, तेथे कार्यकर्त्यांनी खाऱ्या पाण्याची पेटी न घेण्याचाच सल्ला द्यावा.