पांढरं फडकं काळं निघतंय का?

"सर, पोरगं सुट्टीभर गॅरेजात बसतंय, कपडे ऑइलने बरबटून घेतंय. याचं पुढं कसं व्हायचं?" दहावीचा निकाल लागला की बदनापुरातले पालक हमखास हे विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, तो तिथं नेमकं काय करतो, हे कधी जवळ उभं राहून बघितलंत का?

ट्रॅक्टरचं इंजिन खोललं की क्रँकशाफ्ट बाहेर निघतो. पिस्टनच्या खाली-वर होण्याचं फिरण्यात रूपांतर करणारा हा जड लोखंडी दांडा. त्याच्या पोटातून बारीक आडवीतिडवी भोकं गेलेली असतात. त्यांतूनच बेअरिंगला तेल पोचतं. जाणता मिस्त्री आधी भोकांची बुचं काढतो, डिझेलमध्ये बुडवलेला लांब ब्रश आरपार फिरवतो आणि मग कॉम्प्रेसरची हवा मारतो. (डोळ्यांवर चष्मा हवाच, याबाबत पालकांनी अगदी हटून बसावं.) नंतर तडा गेलाय का ते बघायचं आणि मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा शाफ्टचा गुळगुळीत भाग) दोन-तीन ठिकाणी, आडवं-उभं मोजायचं. झीज जास्त असेल तर शाफ्ट ग्राइंडिंगला जातो, 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर कमी होऊन येतो आणि त्याच मापाचं जाड बेअरिंग बसवतात.

खरी परीक्षा इथं असते. ग्राइंडिंगहून आलेला शाफ्ट आरशासारखा चमकतो, त्यामुळे कच्चा कारागीर तो पुसून थेट बसवतो. भोकात अडकलेली बारीक धूळ इंजिन सुरू होताच तेलाबरोबर बेअरिंगवर येते आणि नवं बेअरिंग ओरखडतं. ऐन पेरणीत ट्रॅक्टर पुन्हा उभा राहिला की शेतकऱ्याचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून धुतलेला शाफ्ट पुन्हा धुवावा लागतो. ही चिकाटी ज्या पोराच्या अंगात आहे, त्याला मी डोळे झाकून या वाटेला लावीन.

वाट सरळ आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक ट्रॅक्टर हे एक वर्षाचे ट्रेड, मोटर व्हेइकल दोन वर्षांचा. पोराला पुढं शिकायचं असेल तर दोन वर्षांचाच घ्या, कारण त्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. घाईत एक वर्षाचा निवडला आणि नंतर हळहळले, असे पालक मी पाहिलेत. त्यानंतर अप्रेंटिसशिप कराच. आपल्याच जालना रोडवर चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, तिथल्या भरतीवर लक्ष ठेवा. मापाची गोडी लागलेल्यांसाठी चिकलठाण्यातच इंडो-जर्मन टूल रूमही आहे.

विजेच्या गाड्या आल्यावर काय, अशी धास्ती असते. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, मालट्रक आपल्याकडे बरीच वर्षं डिझेलवरच चालणार. आणि मायक्रोमीटर धरायला शिकलेला हात कुठल्याही कारखान्यात चालतो.

येत्या रविवारी पोरासोबत गॅरेजात जा. मिस्त्रींना विनंती करून एक जुना शाफ्ट त्याला धुवायला द्या. धुवून झाला की भोकात पांढरं फडकं घालून बाहेर ओढायला लावा. फडकं काळं निघाल्यावर कुणी न सांगता तो पुन्हा ब्रश उचलतो का, एवढंच बघा. उचलला, तर सोमवारी मार्कलिस्ट आणि दाखले घेऊन फॉर्म भरायला जा.