किडनी दिली, विकली नाही

दादाला किडनी दिल्याची मला आजही खंत नाही. चीड आहे ती वहिनींच्या एका वाक्याची.

ऑपरेशननंतर जड उचलायचं नाही, म्हणून माझं पोळीभाजीच्या डब्यांचं काम बंद पडलं. ऐन लग्नसराई गेली, बांधलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. घरभाडं आणि मदतनीस बाईचा पगार भागेल एवढे पैसे दादानं आपणहून दिले. पुढे एका मुंजीत मी पंगतीत वाढत असताना, चार बायकांदेखत वहिनी म्हणाल्या, "वन्संना मोबदला पोचलाय की!" कुणी काही बोललं नाही. दादाही नाही. पैशाचा व्यवहार नाही, असं रुग्णालयातल्या मुलाखतीत सांगून आलेली मी, घरच्याच माणसांनी मला विकणारी ठरवलं!

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर त्याला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. पण दात्याचा खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणं त्याच कायद्यात मोबदला धरलेलं नाही. हे वहिनींना कुणी सांगावं?

दात्यांना रोख रक्कम द्या, किडनीसाठीची रांग कमी होईल, असं म्हणणारे शिकलेले लोक मला भेटतात. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. विक्रीनंतर त्यांच्या घरचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशानं घटलं आणि बहुतेकांवर कर्ज उरलंच. अशा बाजारात किडनी गरिबाचीच जाणार. म्हणून किंमत नको, पण दात्याला तोट्यातही टाकू नका.

किडनी देणार असाल, तर बुडणाऱ्या कमाईचा आकडा ऑपरेशनआधीच, घरातल्या सगळ्यांसमोर कागदावर लिहा. पैसे रोखीत घेऊ नका, बँकेतून घ्या. हिशोबाची वही जपा. दरवर्षी क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासावा लागतो, तो खर्च कोण करणार तेही तेव्हाच ठरवा. किडनी द्यायचं मनात नसेल तर नातेवाइकांना बाहेर बसवून डॉक्टरांशी एकटीनं बोला. एजंटाच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. तब्येत सांभाळा, पथ्य पाळा.

आणि ज्यांच्या घरातल्या माणसाला किडनी मिळाली आहे, त्यांनी दात्याची बुडालेली कमाई जरूर भरून द्यावी, पण त्या पैशांना मोबदला म्हणू नये.