खेळायला न बसणारी आई शिकवत नाही का?



पाड्यावरच्या बालवाडीला भेट देऊन आल्यावर आपल्यापैकी कोणीतरी हमखास म्हणते, “इथल्या आया मुलांशी खेळत नाहीत. मुलांच्या शिक्षणाकडे त्यांचे लक्षच नाही.” यातले पहिले वाक्य खरे असू शकते. पण त्यावरून दुसरे खरे ठरत नाही.

शहरी सुशिक्षित घरातली आई मुलापुढे ठोकळे मांडते, रंगांची नावे विचारते, “शाब्बास” म्हणते. खेळातून शिकवणे हे आपले कर्तव्य आहे, असे ती मानते. शेतीवर आणि रानावर जगणाऱ्या अनेक समाजांत मात्र खेळ ही मुलांची आपसातली गोष्ट समजली जाते. मोठ्यांनी काम करावे, मुलाने जवळ राहून पाहावे आणि जमेल तसा हात लावावा, अशी तिथली रीत असते.

बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिका व तुर्कस्तानातली मध्यमवर्गीय कुटुंबे, ग्वातेमालातले माया लोकांचे एक गाव आणि राजस्थानातले धोल-की-पट्टी हे आदिवासी गाव, अशा चार ठिकाणची एक ते दोन वर्षांची प्रत्येकी 14 मुले त्यांनी पाहिली. मध्यमवर्गीय आया बोलून, धडा दिल्यासारखे शिकवत आणि मुलाच्या खेळात सवंगडी होत. माया आणि राजस्थानी गावांतली मुले अधिक करून निरीक्षणातून शिकत. भोवतीच्या दोन-तीन घडामोडींवर त्यांचे एकाच वेळी लक्ष असे, आणि मोठी माणसे गरज पडताच मदतीला तयार असत. शिकणे चारही ठिकाणी चालू होते, त्याची वाट तेवढी वेगळी होती.

अडचण पुढे येते. शाळेत एका जागी बसावे लागते, एकाच गोष्टीकडे पाहावे लागते, बाईंच्या प्रश्नाला मोठ्याने उत्तर द्यावे लागते, तेही बहुधा घरच्या बोलीत नव्हे. पाहून शिकलेले मूल तिथे गप्प राहते आणि त्याच्यावर ‘मंद’ असा शिक्का बसतो. असे मूल हळूहळू शाळेपासून दुरावते.

ही दरी कशी सांधावी, याचा धडा आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटे भावंड सांभाळणाऱ्यांना शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. आईबापांना दोष देत बसण्याऐवजी त्यांनी शाळेची घडी बदलली.

आपणही खेळणी देण्याआधी घरात बसून पाहावे. बिया, खडे, पाने, माती ही पाड्यावरची साधने बालवाडीत आणावीत. मुलाला आधी पाहू द्यावे, मग करू द्यावे, आणि उत्तराची घाई करू नये. आजीला किंवा आईला बालवाडीत बोलावून तिचे काम मुलांसमोर करायला सांगावे. पुस्तकातले शब्द आणि प्रश्नोत्तरे त्या कामातूनच हळूहळू यावीत.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या लहानपणी आपण कोणते काम कोणी न शिकवता, नुसते पाहून शिकलो?
2. आपण पाठवत असलेल्या मदतीत आईबापांच्या ज्ञानाला कुठे जागा आहे?